इतर शेरा

टॅब्लेट माझ्या हाती आला तेव्हा
त्याच्या दोन्ही कडा एलिसेओच्या अंगठ्यांनी
गुळगुळीत झालेल्या.
मार्चमध्ये निवृत्त झाला तो,
सव्वीस वर्षं लोकांचं दूध गार ठेवून.
व्हॅनची किल्ली, पान्यांची पेटी, आणि हे.
"सगळं यात आहे," म्हणाला,
"मी नसलो तरी अडणार नाही."

कंपनीचंही म्हणणं तेच.
ओसोर्नोच्या ऑफिसात भिंतभर पडद्यावर
आम्ही अकरा निळे ठिपके,
कॉफीला थांबलो की नारिंगी होणारे.
पूर्वी म्हणे रात्री खानावळीत बसून
तीन प्रतींत अर्ज भरायचे, मधे कार्बन,
सुटा भाग मागवायला गावात परत जायचं
आणि तोवर इकडे दूध नासायचं.
आता शेतकरी काचेवर बोटानं सही करतो,
मी गोठ्यात उभ्या उभ्या कॉम्प्रेसर मागवते,
दिवसाचा तास-सव्वा तास वाचतो.
वाचलेला तास मी अजून पाहिलेला नाही.
त्याच्या जागी संध्याकाळी
आणखी एक भेट उगवलेली असते.

तक्रार नाही. पगार वाढला,
मुलीच्या दातांच्या तारेचा तिसरा हप्ता गेला.

बेटाकडे जाणारी फेरी धक्का सोडते
आणि मधली वीस मिनिटं रेंज जाते.
मी करडी होते. निळी नाही, नारिंगी नाही.
ट्रकवाले एम्पानादा खात असतात,
एक गल पक्षी कठड्यावर बसून फुकट पलीकडे जातो,
आणि कुठल्याच नकाशावर नसलेली मी
बूट काढून तळवे हीटरला दाखवते.

अशाच एका फेरीत, नवं काही उघडेना म्हणून
आत साठलेलं चाळत बसले.
प्रत्येक ग्राहकाच्या पानाच्या तळाला एक चौकट:
इतर शेरा. दोनशे अक्षरं.
आम्ही सगळे तिथे आडवी रेघ मारतो.

एलिसेओनं लिहिलं होतं:
फाटक आधी उचल, मग ढकल.
काळा कुत्रा नुसता भुंकतो. पांढऱ्याला जप.
आकडे मोठ्यानं वाचून दाखव. म्हातारा सांगणार नाही, पण अक्षरओळख नाही.
इथे चहाला नाही म्हणू नकोस.

कुणाला म्हणत होता हा "तू"?
मी तेव्हा कंपनीत नव्हतेच.

आणि दोन्या ऑर्फेलिनाच्या पानावर:
मागच्या दारानं जा. पुढचं दार मुलगा गेल्यापासून
उघडलेलं नाही. टाकी ठीक असते, तरी बोलावते.
जा. कारण म्हणून थर्मोस्टॅट लिही.

दोन वर्षांत अकरा वेळा थर्मोस्टॅट.

यंत्रणेनं हे हेरलं होतंच, यंत्रणाच ती.
गेल्या मंगळवारी आदेश आला:
सदोष भाग बदलावा, म्हणजे फेऱ्या कमी होतील.

मी मागच्या दारानं गेले.
बाईंनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
म्हणाल्या, "तू एलिसेओ नाहीस."
"नाही. यास्ना."
टाकीचा काटा चार अंशांवर, अगदी शहाण्यासारखा.
मी तो शहाणा थर्मोस्टॅट काढला,
त्याच्या जागी नवा शहाणा बसवला,
कारण आदेश तो आदेश,
आणि हात धुवून टेबलाशी बसले.
त्या बिहीच्या मुरंब्याविषयी बोलत राहिल्या,
पातेलं कुठलं, लाकूड कुठलं,
मधेच एकदा मुलाचं नाव आलं
आणि पातेल्याच्या झाकणासारखं पुन्हा ठेवलं गेलं.
ओसोर्नोच्या भिंतीवर मी नारिंगी,
पंचेचाळीस मिनिटं, पिकलेल्या संत्र्यासारखी.

निघताना गाडीत बसून भरलं:
नवा भाग बसवला. चालू आहे.
परंतु तोही संशयास्पद वाटतो,
महिन्याभरात पुन्हा तपासणी आवश्यक.

खाली चौकटीत एलिसेओच्या ओळींनंतर
एकतीस अक्षरं शिल्लक होती.
मी लिहिलं:
साखर दोन चमचे. न विचारता घालतात.
बसलं नाही. "न विचारता" ठेवलं,
बाकीचं खोडलं.